रात्रपाळीची शाई

कागदपत्रं तपासून घेण्याचा शेवटचा दिवस होता आणि मी खिडकीपुढं अगदी निर्धास्त उभी होते. एम.एस्सी. नर्सिंगची प्रवेश परीक्षा झाली होती, गुण चांगले आले होते, ऑनलाइन अर्जही भरून झाला होता. आता मूळ कागद दाखवायचे, शिक्का मारून घ्यायचा आणि मुलाखतीची तारीख घेऊन परतायचं, एवढंच राहिलं होतं. रात्रपाळी संपवून, खोलीवर आंघोळ उरकून, हडपसरहून दोन बस बदलून मी विद्यापीठाच्या कॉलेजात पोचले होते, तरी रांगेत माझा नंबर तिसरा होता. फाइल यादीच्या क्रमानं लावलेली, प्रत्येक कागदाला क्रमांकाची चिठ्ठी. माझ्या पुढची मुलगी वळून म्हणालीसुद्धा, "तुमची फाइल बघून मला माझी लपवावीशी वाटतेय."

खिडकीपलीकडे एक चष्मेवाल्या बाई होत्या. त्यांचा हात भराभर चालत होता. बी.एस्सी.च्या गुणपत्रिका झाल्या, नर्स म्हणून नोंदणीचं प्रमाणपत्र झालं, जातीचा दाखला झाला. मग हात थांबला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा डोळ्यांवर घेतला.

"हे काय आहे?"

"अनुभवाचा तक्ता, मॅडम. स्वहस्ताक्षरात भरायचा असं लिहिलंय."

"स्वहस्ताक्षरात भरायचाय हो. पण त्याची लग्नपत्रिका का केलीत?"

मला खरोखर काही कळलं नाही. मी वाकून कागद पाहिला. अक्षर माझंच, तारखा बरोबर, शेवटी माझी सही, तिच्याखाली आमच्या मॅटर्न मॅडमची सही आणि हॉस्पिटलचा शिक्का. मी विचारलं, "काही राहिलंय का?"

"अहो, लाल आहे!" बाई म्हणाल्या. "चारही पानं लाल. तुमची सही लाल. हडपसरला निळी शाई मिळणं बंद झालंय का?"

माझ्या मागच्या दोघी हसल्या. बाईंनी पहिल्या पानाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथं छापलेलं होतं: तक्ता निळ्या किंवा काळ्या शाईनेच भरावा, अन्यथा ग्राह्य धरला जाणार नाही. ही सूचना मी वाचली होती. वाचल्याची खूण म्हणून शेजारी टिकसुद्धा केली होती. लाल पेननं.

हे कसं झालं ते सांगते. आमच्या हॉस्पिटलात दिवसाच्या नोंदी निळ्या शाईनं करतात आणि रात्रीच्या लाल. सकाळी डॉक्टर आले की पानं उलटता उलटता नजरेनंच त्यांना कळतं, रात्रीत काय झालं. मी नवजात बाळांच्या कक्षात कायमची रात्रपाळी मागून घेतली होती, कारण दिवसा परीक्षेचा अभ्यास करता येई. वर्षाहून जास्त काळ माझ्या खिशात एकच पेन होतं आणि ते लाल होतं. अनुभवाचा तक्ता मी सकाळी ड्युटी संपवून काउंटरवर बसून चार दिवसांत भरला. रात्रीचा रिपोर्ट ज्या पेननं लिहिला, त्याच पेननं पुढं तक्ता. सकाळी ड्युटीवर येणाऱ्या सिस्टरनी वाचला. मॅटर्न मॅडमनी आदल्या दिवशी सही केली. खोलीतल्या मैत्रिणीनं झेरॉक्स प्रतीवरून शुद्धलेखन तपासलं आणि झेरॉक्समध्ये तर सगळं काळंच आलं होतं. एकाच्याही लक्षात आलं नाही. आमच्या डोळ्यांना लाल शाई म्हणजे रात्र. बाकी जगात लाल म्हणजे चूक, हे मी विसरून गेले होते.

खरं तर मी तरी विसरायला नको होतं. भंडारा जिल्ह्यात तालुक्याच्या ज्या शाळेत मी शिकले, त्याच शाळेत माझे बाबा शिपाई. घंटा वाजवणं, वर्ग उघडणं, हेडमास्तरांच्या टेबलावर पाणी ठेवणं आणि त्यांची लाल पेनं सांभाळणं हे त्यांचं काम. लाल पेन घरी आणायचं नाही, असा बाबांचा नियम होता. मी एकदा पाटीच्या पिशवीतून एक आणलं, तर ते रात्रीच परत नेऊन ठेवायला निघाले होते, आईनं थांबवलं. पुढं हॉस्पिटलात लागल्यावर मी फोनवर सहज सांगितलं, "बाबा, मला लाल पेन दिलंय, रात्रीचा रिपोर्ट लिहायला." त्यांनी ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या स्टाफरूमला सांगितलं, "माही पोरगी लालनं लिवते आता."

खिडकीवरच्या बाई तुसड्या होत्या, पण वाईट नव्हत्या. त्यांनी मला रांगेतून बाजूला घेतलं आणि स्वतः उठून विभागप्रमुख मॅडमच्या केबिनमध्ये घेऊन गेल्या. विभागप्रमुख मॅडम स्वतः पूर्वीच्या वॉर्ड सिस्टर. त्यांनी चारही पानं शांतपणे वाचली आणि वर बघितलं.

"छान लिहिलंय. अडचण काय आहे?"

"अहो मॅडम, शाई बघा," बाई म्हणाल्या.

"बघितली की. नाइट ड्युटी आहे तिची."

मॅडमनी पानं पुन्हा एकदा बघितली. मग मॅडमच हसायला लागल्या. बाई हसल्या नाहीत. त्या दाराकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही दोघी सिस्टर. म्हणजे इथं मीच एकटी आजारी."

हसू आवरल्यावर मॅडमनी मला नीट समजावलं. "मी शेरा लिहून देऊ शकते. आज तुमचे कागद आत जातील. पण वर छाननीला बसतात त्यांनी कधी रात्रपाळी केलेली नाही, सिस्टर. नियम छापलेला आहे. त्यांनी अर्ज बाजूला काढला, तर मला काही करता येणार नाही."

एक वर्ष थांबणं मला शक्य नव्हतं. आमचं हॉस्पिटल दर वर्षी एकाच नर्सला शिक्षणासाठी दोन वर्षांची रजा देतं. या वर्षी ती मला मिळाली होती. पुढच्या वर्षी दुसरीचा नंबर. ही रजा गेली, तर नोकरी सोडून शिकावं लागलं असतं आणि ते आमच्या घराला झेपणारं नव्हतं. मी विचारलं, "खिडकी किती वाजता बंद होते?"

"पाचला," बाई म्हणाल्या. "पाच म्हणजे पाच. पाच वाजून एक मिनिट झालं की आमच्याकडे उद्या असतो. आणि उद्या तर मुदत नाही."

"मग मी नवीन लिहून आणते."

"मॅटर्नची सही?"

"तीही आणते."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. पावणेबारा झाले होते. "हडपसरला जाऊन?" एवढंच त्या म्हणाल्या. पण केबिनबाहेर आल्यावर हळूच एक कोरा तक्ता त्यांनी माझ्या हातात ठेवला आणि वर एक जादाचा ठेवला.

मी घाबरले नव्हते, हे आज लिहिताना मला बढाई वाटते, पण ते खरं आहे. एका वेळी चार बाळं सांभाळताना पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की आधी कुठलं काम आणि मग कुठलं, हे ठरवायचं, धावायचं नंतर. आधी फोन केला. मॅटर्न मॅडम अडीचपर्यंत मीटिंगमध्ये होत्या, पण नंतर केबिनमध्ये सापडतील असं कळलं. म्हणजे लिहायला वेळ होता. कॉलेजसमोरच्या दुकानातून मी दोन निळी पेनं घेतली.

"निळंच आहे ना हो?" मी दुकानदार काकांना विचारलं.

"टोपण निळं, कांडी निळी," ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले. "आत हिरवं निघालं तर पेपरात देऊ."

कॉलेजच्या व्हरांड्यात एका बाकावर बसून मी चार पानं उतरवून काढली. निळ्या शाईत माझंच अक्षर मला परकं वाटत होतं. सव्वा वाजता बस धरली, स्वारगेटला बदलली आणि खिडकीशी बसून, फाइल छातीशी धरून, वीसेक मिनिटं झोपलेसुद्धा. रात्रपाळीच्या माणसाला झोप कुठंही येते.

मॅटर्न मॅडम मीटिंगमधून आल्या त्या मला दारात बघूनच थबकल्या. त्या मूळच्या सोलापूरकडच्या. वॉर्डात त्यांच्या चपलांचा आवाज आला की मावशी आपोआप चादरी सरळ करायच्या.

"काय गं? काल सही दिली होती ना? हरवलंस?"

मी लाल पानं पुढं केली. त्यांनी पाहिलं. मग शेजारी निळी ठेवली. त्यांनी दोन्हीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई! मी वाचून सही केली की गं यावर."

"हो, मॅडम."

"आणि नव्या पोरींना रोज सांगते, सही करताना डोळे उघडे ठेवा." त्या खुर्चीत बसल्या. "आण ते निळं. आता नीट वाचते."

पेन उघडून त्यांनी वाचायला सुरुवात केली. पहिलं पान झालं. दुसऱ्या पानावर पेन टेबलावर ठेवलं गेलं. माझी नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती. दोन पन्नास.

"हे काय लिहिलंयस? 'बाळांना नळीने दूध देण्यास मदत केली.' 'श्वासाचा त्रास असलेल्या बाळांची देखरेख करण्यास मदत केली.' 'नवीन नर्सेसना शिकवण्यास मदत केली.' सगळीकडं मदत, मदत. कुणाला मदत केलीस?"

"म्हणजे... तिथल्या कामाला, मॅडम."

"रात्री त्या कक्षात तुझ्याशिवाय कोण असतं?"

"बोलावलं की डॉक्टर येतात."

"बोलावतं कोण?"

"मी."

"कधी बोलवायचं हे ठरवतं कोण?"

त्याचंही उत्तर 'मी' असंच होतं.

"शेजारीण आहेस का तू, मदत करायला?" त्या म्हणाल्या. "काल लाल होतं म्हणून मी रिपोर्ट वाचल्यासारखं वाचलं. रिपोर्टात काम झालं का एवढंच बघायचं, कुणी केलं त्याचं कौतुक नसतं. आज निळ्यात वाचते तर हा अर्ज आहे. आणि अर्जात तू स्वतःला पाहुणी करून ठेवलंयस. मी खोट्यावर सही करत नाही. कमी सांगणं हेही खोटंच."

 'मदत' हा शब्द माझ्याकडे कुठून आला होता ते मला तिथल्या तिथं कळलं. माझी आई दिवसभर बिड्या वळायची. सुपात तेंदूपानं, मांडीवर कात्री, बोटं न बघता चालायची. बाबांच्या पगारात आमचं भागत नसे. आमची वह्यापुस्तकं, माझं नर्सिंगचं पहिलं वर्ष तिच्या त्या सुपातून आलं. पण कुणी विचारलं की ती म्हणायची, "काई नाही जी, यायले हातभार लावतो." माझ्या शाळेच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय या रकान्यात 'घरकाम' असं मीच लिहिलं होतं, ती सांगेल तसं. आमच्याकडे केलेलं काम आपलं म्हणायची पद्धत नव्हती. ते उर्मटपणाचं वाटे.

"दोन पानं परत लिहावी लागतील," मी म्हणाले. "खाडाखोड चालत नाही."

"मग लिही. बस इथंच." त्यांनी टेबलावरचा गठ्ठा सरकवून माझ्यासाठी कोपरा मोकळा केला.

खिडकीवरच्या बाईंनी दिलेला जादाचा तक्ता तेव्हा उपयोगी पडला. त्यातली दोन पानं घेऊन मी लिहायला बसले. 'बाळांना नळीने दूध दिले.' 'श्वासाचा त्रास असलेल्या बाळांची रात्रभर देखरेख केली व गरजेप्रमाणे डॉक्टरांना बोलावले.' 'नवीन नर्सेसना बाळाचे तापमान राखणे, वजन घेणे व आईला दूध पाजण्यासाठी बसवणे शिकवले.' शेवटचं वाक्य लिहिताना हात जरा थांबला. शिकवायचं म्हणूनच तर मी एम.एस्सी.ला चालले होते. आणि शिकवत आधीपासूनच होते. मॅडम समोर बसून दुसऱ्या कुठल्या फाइली बघत होत्या, पण त्यांचं लक्ष माझ्या पेनकडेच होतं.

"शिकवलं लिहिलंस?"

"हो."

"बरं झालं. नाहीतर त्या पोरी कुणाच्या हातच्या तयार झाल्या असं लोकांनी विचारलं असतं."

तीन वीसला सही झाली, शिक्का झाला. त्यांनी स्वतःच्या फोनवरून रिक्षा बोलावली आणि ड्रायव्हरला बजावलं, "हे बघा, ही आमची सिस्टर आहे. हिला पाचच्या आत पोचवायचं. आणि वेगानं नाही, अकलेनं."

रिक्षावाले काका अकलेनंच गेले. कालव्याच्या कडेनं, मग कुठल्या कुठल्या गल्ल्यांतून, एकदा तर एका भाजी मंडईच्या पाठीमागून. एका सिग्नलला त्यांनी आरशातून विचारलं, "परीक्षा आहे का ताई?"

"नाही, अर्ज आहे."

"एवढी धावपळ अर्जाची? मग परीक्षेला काय कराल?"

"परीक्षा आधीच दिली, काका. त्यात पास आहे."

"आमच्या पुण्यात असंच असतं," ते म्हणाले. "परीक्षा सोपी, खिडकी अवघड."

चार चाळीसला मी खिडकीपुढं होते. रांग संपली होती. बाईंनी डबा धुऊन पिशवीत ठेवलेला दिसत होता. त्यांनी चारही पानं उजेडाकडे धरून पाहिली, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर शिक्का मारला आणि यादीत माझ्या नावापुढं खूण केली. निळ्या पेननं.

"आता माणसात आलात," त्या म्हणाल्या.

मी आभार मानले. फाइलबरोबर आत गेलेली माझी लाल पानं त्यांनी खिडकीतून परत सरकवली. "ही घेऊन जा. इथं राहिली तर कुणीतरी आहेर घेऊन येईल."

मुलाखत आठवड्यानं झाली. विभागप्रमुख मॅडम मध्ये बसल्या होत्या. त्यांनी माझी पानं चाळली आणि तिसऱ्या पानावर बोट ठेवलं. "शिकवलं असं लिहिलंय. आम्हाला शिकवा. आम्ही नवीन आहोत असं समजा." खोलीत बाळ नव्हतं, बाहुलीही नव्हती. मी माझी ओढणी काढली, घडी घालून तिचं बाळ केलं आणि पहिल्यांदा आई झालेल्या बाईला कसं बसवायचं, हाताखाली उशी कुठं घ्यायची, बाळाचं डोकं कुठल्या बाजूला ठेवायचं, ते दाखवलं. पॅनेलमधले एक सर स्वतः करून बघताना बाळ उलटं धरत होते. मी सवयीनं त्यांच्या कोपराला हात लावून सरळ केलं आणि मग माझ्या लक्षात आलं की मी कुणाचा हात सरळ केला. ते म्हणाले, "अच्छा, असं." कुणीच रागावलं नाही. 'मदत केली' असंच त्या पानावर राहिलं असतं, तर हा प्रश्न मला कुणी विचारलाच नसता.

यादीत माझं नाव आलं.

कागद जमा केले त्याच संध्याकाळी मी बाबांना फोन करून शाईची सगळी हकीगत सांगितली होती. मला वाटलं ते हळहळतील. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"लाल शाई अर्जाले चालत नाही, बाई," ते म्हणाले. "अर्ज निळा. लाल फक्त साहेबाचा शेरा. इतकी वर्षं मी अर्ज इकडून तिकडं नेऊन रायलो. मले इचारलं असतं त."

विचारलं नव्हतं खरं. घरातली पहिली पदवीधर मी. अर्जाबद्दल बाबांना काय विचारायचं, असं मनात कुठंतरी असणार. मी म्हणाले, "चुकलं, बाबा. पुढच्या वेळी विचारीन."

"इचारजो. फुकट सांगतो."

दिवाळीत घरी गेले तेव्हा ती लाल पानं मी सोबत नेली आणि बाबांना दिली. त्यांनी हात पुसून घेतली, उभ्यानंच पहिलं पान वाचलं, मग बसून उरलेली वाचली. सुट्टी संपवून मी पुण्याला परतल्यावर ते ती शाळेत घेऊन गेले. शाळेत आता नव्या मुख्याध्यापक मॅडम आहेत, तरुण आहेत. त्यांनी पानं पाहिली आणि घाबरून विचारलं, "काका, हे कुणी तपासलं? एवढ्या चुका?"

"चुका नाई, मॅडम," बाबा म्हणाले. "माही पोरगी लालनंच लिवते. रातची ड्युटी हाय तिची."

त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. मी कॉलेजच्या लायब्ररीतून बाहेर येऊन उचलला. "बाई, थे निळी पानं बी पाठवजो," ते म्हणाले. "मॅडम म्हणते, खरा अर्ज त थोच."

मी सांगितलं, ती पानं आता मिळणार नाहीत, ती विद्यापीठात जमा आहेत.

 मागं आई काहीतरी विचारत होती.

"बरं," बाबा म्हणाले. "मग राहू दे तिथंच."